केळीच्या पानाआडचा नंबर

खानदेशात जाऊन आलो म्हटलं की आमच्या साताऱ्याकडचे लोक आधी उन्हाचं विचारतात आणि मग शेवभाजीचं. ऊन नव्हतं, डिसेंबर होता. शेवभाजी होती आणि ती तिखट होती. पण मी लिहायला बसलोय तो रागाच्या भरात. धुळ्याहून रावेरला एका लग्नाला गेलो, वाटेत जे घडलं त्याचा राग, मी घरी परतून इतके दिवस झाले तरी, उतरत नाही. त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांना नावं ठेवू लागलो की वाचणाऱ्यानं मला फार सोवळा समजू नये.

धुळे

धुळे ही माझी सासुरवाडी. माझी पत्नी सुनंदा हिच्या थोरल्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. मुलगी रावेरची, केळीच्या बागायतदाराच्या घरातली. आम्ही दोघं आमच्या गाडीनं निघालो. मनमाड ओलांडल्यावर रस्ता मोकळा दिसला आणि मी गाडी जोरात सोडली. धुळ्यात सासऱ्यांच्या अंगणात गाडी लावतोय तोच मोबाइल वाजला. वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान, सोबत फोटो. फोटोत माझ्या गाडीचं नाक आणि नंबर लख्ख दिसत होता.

मांडवाखाली बसल्या बसल्या मी तो संदेश मोठ्यानं वाचून दाखवला. ही माझी चूक. लग्नघरात कुणी आजारी आहे म्हटलं तर एखादाच औषध सुचवेल, पण चलान आलंय म्हटल्यावर सगळा मांडव वकील झाला.

"पैसा भरू नका दाजी," माझा धाकटा मेव्हणा विलास म्हणाला. विलासचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, बोलणं गोड आहे आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. "सहा महिना थांबा. चलान आपेआप मरी जास."

शेजारचे कापडवाले शेठजी आहेराची साडी दाखवायला आले होते. त्यांनी घडी घालता घालता विचारलं, "फोटोत तुमचं तोंड आहे का? नाही ना? मग गाडी कोण चालवत होतं ते सरकारनं सिद्ध करावं. तुम्ही कशाला सांगता?"

कुणी म्हणालं, आरशाला जुनी सीडी टांगा, कॅमेऱ्याचे डोळे दिपतात. कुणी म्हणालं, नंबरपाटीवर केसांचा स्प्रे मारायचा, फोटो पांढराफेक येतो. सुनंदाची मावशी हळदीचं वाटण सोडून मध्येच बोलली, "आमना गणेशनी त लिंबू-मिरचीच इतली मोठी बांधी का निम्मा नंबर झाकाई जास. नजरबी लागत नही आन् चलानबी!" सगळे हसले. माझे सासरे, नाना, खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आम्ही बैलगाडीवर वऱ्हाड ली जात व्हतूत. तव्हय कोणी चलान नही दिधं." पुन्हा हशा.

मीही हसलो. इतकंच नाही, विलासला बाजूला घेऊन सहा महिन्यांचं नीट समजावून घेतलं. आमच्या साताऱ्यात रीत वेगळी. तिथे चलान आलं की माणूस आधी ओळख काढतो, मेहुण्याचा मित्र पोलिसात आहे का ते बघतो. इकडे ओळखीपेक्षा युक्तीवर भरवसा जास्त. पण साताऱ्यात काय आणि धुळ्यात काय, गाडी जरा हळू चालवा असं एकही माणूस म्हणाला नाही. मी स्वतः म्हणालो नाही.

परतल्यावर मी एका वकिलाला विचारलं. चलान मरत नाही. ते गाडीच्या नावावर बसून राहतं, कोर्टाची नोटीस येते, गाडी विकायला गेलं की आडवं येतं. तोंड दिसलं नाही म्हणून कुणी सुटत नाही, गाडी कुणाच्या हातात होती ते सांगणं मालकाकडेच येतं. सीडीनं कॅमेऱ्याचं काही वाकडं होत नाही. पण मांडवात हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला तिथून उठवलं असतं.

धुळ्याहून पुढे

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघालं. लग्न गोरज मुहूर्ताचं होतं, म्हणजे संध्याकाळी रावेर गाठलं तरी चाललं असतं. घाई कुणालाच नव्हती, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते.

मुलीकडच्यांनी रावेरहून मांडवासाठी केळीचे खांब आणि पानं पाठवली होती. उरलेली गाड्यांना बांधली. इकडे वऱ्हाडाची गाडी हिरवीगार करून न्यायची पद्धत आहे. दारांच्या कड्यांना झेंडूच्या माळा, पुढे केळीची पानं. दिसतं सुरेख. पण विलास प्रत्येक गाडीपुढे उकिडवा बसून एक पान घडी घालून बरोबर नंबरपाटीवर बसवत होता. वाऱ्यानं फाटू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावत होता. गंमत अशी की स्वतःच्या गाडीचा नंबर त्यानं जास्तीचे पैसे मोजून, मागून घेतला होता. बाकीचे दिवस तो ज्याला त्याला नंबर दाखवतो, आणि आज त्यानं तोच पानाखाली घातला.

"हे कशासाठी?" मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, उत्तर मला माहीत होतं.

"वऱ्हाडनी गाडी शे, दाजी. कोणी आडवत नही. आन् कॅमेरा काय, पानना फोटो काढी!"

त्यानं माझ्या गाडीला पुढचं पान लावलं. मागचं मी लावलं. चांगलं घट्ट लावलं.

पारोळ्यापर्यंत मी बेतानं होतो. मग कपाशीची रिकामी शेतं आणि सरळ पसरलेला रस्ता दिसू लागला आणि मला जाणवलं की आज मला कुणी बघत नाहीये. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, पण त्या जाणिवेनं माझं वय उतरलं. एरंडोल कधी गेलं कळलं नाही. वेगाच्या काट्याकडे बघून सुनंदा दोनदा "अहो" म्हणाली. जळगावच्या अलीकडे विलासची गाडी मागून आली, हॉर्न देत पुढे गेली. गाडीत तो एकटाच होता, मागं आहेराची भांडी भरलेली. जाताना त्यानं खिडकीतून हात हलवला. मीही हलवला आणि त्याच्या मागे जोर धरला.

नशिराबाद

जळगावच्या पुढे महामार्गावर नशिराबाद लागतं. आसपास थंडीत भरिताचे धंदे जोरात असतात. इथलं भरताचं वांगं आमच्याकडच्यासारखं जांभळं नसतं. फिकट हिरवं, हातभर लांब, आत बी जवळजवळ नाही. ते कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, इकडे त्यांना काट्या म्हणतात, भाजतात, बडगीत, म्हणजे लांबट लाकडी भांड्यात ठेचतात, कांद्याची पात, मिरची आणि शेंगदाणे घालतात आणि पुरीशी किंवा ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीशी खातात. सुनंदानं मला हे भरीत खाऊ घालायचं कबूल केलं होतं. धुराचा वास आत आला तेव्हा मी वेग कमी केला, तो भरितासाठी.

ती वांगी मला रस्त्यावर दिसली. डांबरावर सगळीकडे पसरलेली, काही फुटलेली. मध्ये लोळलेली सायकल, आणि माणसांचा घोळका.

मी थांबलो नसतो तरी लोकांनी थांबवलंच असतं. एक तिशीची बाई धावत बॉनेटवर येऊन थडकली. "हीच ती! पान बांधेल पांढरी गाडी! हीच!"

आम्ही उतरलो. रस्त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. एकनाथ आबा म्हणून सगळे त्यांना हाक मारत होते. ते भरीत भाजायचे, आणि बॉनेटवर आलेली त्यांची मुलगी कल्पना गाळा सांभाळायची. आबा सायकलवर वांग्यांचं पोतं घेऊन रस्ता ओलांडत होते. गाडी आली, त्यांना उडवलं आणि तशीच निघून गेली.

"ही नई गं कल्पना," पागोटं बांधलेला एक माणूस माझ्या गाडीचं नाक हातानं चाचपत म्हणाला. "ही आता मांगून आली. हिला कुठं काई लागेल नई." धुळ्याकडचं 'आहे'च्या जागचं 'शे' जळगाव ओलांडलं की ऐकू येईनासं होतं, बोली बदलते. त्या वेळी मला तेवढं सुचलं, याची आज लाज वाटते.

"मंग हिचा नंबर कायले झाकला?" कल्पनानं विचारलं.

मी पानावरच्या चिकटपट्टीकडे बघितलं.

"तुमच्याच वऱ्हाडाची असंल ना पुढची? तशीच पांढरी, तसंच पान."

मला माहीत होतं. माझ्यापुढे विलास होता, मध्ये दुसरी पांढरी गाडी मी बघितली नव्हती. सुनंदालाही माहीत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्यावरच्या वांग्यांकडे बघत होती.

"आमची नाही," मी म्हणालो. "लग्नाचे दिवस आहेत. सगळ्याच वऱ्हाडांच्या गाड्यांना पानं असतात."

आणि लोकांना ते पटलं! हेच मला सहन होत नाही. पटण्यासारखंच होतं ते. त्या दिवसांत त्या रस्त्यावर निम्म्या गाड्या पानं बांधून धावत होत्या आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. माझं खोटं उभं राहिलं ते या सगळ्यांच्या आधारावर.

आबांना आम्ही मागच्या सीटवर आडवं घेतलं आणि जळगावला परत फिरलो. आबा तोंडातून आवाज काढत नव्हते, फक्त एकदा म्हणाले, "चुलीत काट्या घालून आलोय, कोनी पाहा बरं." कल्पनानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. जळगाव जवळ आलं तेव्हा ती मला म्हणाली, "दादा, तुमी त्या गाडीच्या मांगंच व्हते. नंबर दिसला का हो?"

"नाही," मी म्हणालो. "पान होतं."

त्या वाक्यात खोटं एक अक्षरही नाही. मी ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हाड दोन ठिकाणी मोडलंय, सळई टाकावी लागेल, पुन्हा उकिडवं बसता येईल की नाही सांगता येत नाही. भरीत भाजणारा माणूस उकिडवा बसल्याशिवाय भाजणार कसा? तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं कल्पनाला सांगितलं, "गाडीचा नंबर मिळव, ताई. नंबर असला तर त्या गाडीच्या विम्यातून दावा करता येतो. नसला तर सरकारी मदत, ती तुटपुंजी आणि खेटे घालून." ती मान हलवत ऐकत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. विलासचा नंबर मला झोपेतही म्हणता आला असता.

रावेर

रावेरला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. सातपुड्याच्या रेषेपुढे केळीच्या बागा काळ्याहिरव्या दिसत होत्या, रस्त्याला घडांनी भरलेले ट्रॅक्टर लागले होते. एरवी मी या देखाव्यावर पानभर लिहिलं असतं.

विलासची गाडी मंडपामागे उभी होती. डाव्या बाजूचा दिवा फुटला होता. पान जागच्या जागी होतं.

"दाजी," मला बघताच तो जवळ आला. तोंड उतरलं होतं, पण आवाज तोच. "कसं शे त्यानं?"

"पाय मोडलाय. तू थांबला का नाहीस?"

"लोके मारतस, दाजी. तुम्हले इकडलं माहीत नही. आन् आते काय? नंबर नही, त केस कोणावर?"

मी नानांकडे गेलो. नानांनी सगळं ऐकून घेतलं. काठीनं माती उकरत म्हणाले, "लगीन व्हई जाऊ दे. मंग देखसूत." लग्न तर झालं होतं.

पंगत बसली. वरण-बट्टी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, वांग्याची घोटलेली भाजी. आमच्याकडे लग्नात मसालेभात आणि जिलेबी, इकडे तळलेल्या बट्टीवर वरण आणि त्यावर तुपाची धार. धार धरणारा आग्रह करता करता थांबत नाही. माझ्या पानात वांग्याची भाजी पडली आणि माझ्यानं घास उचलवेना.

त्याहून वाईट पुढे होतं. वाटेत जावईबापूंनी एका गरिबाला दवाखान्यात पोचवलं, ही बातमी सुनंदाच्या फोनवरून मंडपात पसरली होती. मुलीच्या वडिलांनी मला पुढे बोलावलं, टोपी घातली, उपरणं दिलं. माइकवरून कुणीतरी म्हणालं, "मुहूर्त सोडून माणुसकी जपणारे पाहुणे आम्हाला मिळाले." टाळ्या पडल्या. विलासनंही वाजवल्या. मी ती टोपी घालून हात जोडून उभा होतो. मला कुणी तिथे थोबाडीत मारली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

मंडपातल्या गप्पांत पुन्हा तेच. एकजण सांगत होता, पाटीवर बसवायचा छोटा पडदा मिळतो, बटण दाबलं की खाली येतो. दुसरा म्हणाला, नंबरातल्या आठाचा तीन करायला नखभर चिकटपट्टी पुरते. हसत होते. ही सगळी भली माणसं. यातला कुणी दुसऱ्याचं शेत कापणार नाही, कुणी देवळाच्या पेटीत हात घालणार नाही. पण नंबर झाकण्याला त्यांनी चोरी मानलंच नाही, ती हुशारी. अहो, नंबर काय दंडासाठी असतो? रस्त्यावर पडलेल्या माणसानं तुम्हाला हाक मारायची तर त्याच्याजवळ तेवढंच नाव असतं. तेच आम्ही झाकतो आणि वर माळ घालतो!

हे सगळं मी तिथे मनात बोललो. तोंडानं एक शब्द काढला नाही.

पुन्हा जळगाव

सकाळी रावेरहून निघताना मी विलासला म्हणालो, "माझ्याबरोबर चल. तूच सांग, तुझ्याच तोंडानं. ते जास्त बरं."

"आपलाच माणूसना नंबर सांगशात का, दाजी? सुनंदाअक्काना विचार करा. तिले माहेर ऱ्हाई का?"

सुनंदा तिथेच उभी होती. ती आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि गाडीत जाऊन बसली. आम्ही जळगावची वाट धरली. दवाखान्याच्या आवारात ती म्हणाली, "मी वर येत नाही. माझ्या भावाचं नाव मला तुमच्या तोंडून ऐकायचं नाही. तुम्ही जा."

आबांचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांना झोपेचं औषध दिलं होतं. बाहेरच्या बाकावर कल्पना आणि एक हवालदार बसले होते. हवालदारांच्या हातात मोबाइल होता. नशिराबादच्या अलीकडे वेग मोजणारा कॅमेरा आहे, त्यातले फोटो त्यांनी मागवले होते.

"या दादा," कल्पना उठली. "बरं झालं आले. तुमी मांगं व्हते, तुमी वळखसान. हे पाहा."

दोन फोटो होते. दोन पांढऱ्या गाड्या, दोघींच्या नाकावर घडी घातलेलं हिरवं पान आणि झेंडूची माळ. इतके स्वच्छ की पानाची मधली शीरसुद्धा दिसत होती. खाली दोघींचा वेग लिहिला होता. दोन्हींत फारसा फरक नव्हता.

"आमी रातीपासून पाहून राह्यलो," ती म्हणाली. "यातली आबाले मारनारी कोनती, तेच समजत नई. साहेब म्हंतात दोन्ही सारख्याच."

"ही माझी," मी मागच्या फोटोवर बोट ठेवलं. मग पुढच्या फोटोवर. "आणि ही माझ्या मेव्हण्याची. त्यानं मारलं. मला काल माहीत होतं."

हवालदारांनी वर बघितलं. कल्पनानं बघितलं नाही, ती फोटोकडेच बघत होती.

"काल मी गाडीत तुमाले इचारलं व्हतं," ती म्हणाली.

"हो."

"आबा माझ्या मांडीवर व्हते."

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हवालदारांना म्हणाली, "लिहून घ्या, साहेब." मी विलासचं नाव, पत्ता आणि नंबर सांगितला. त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतला. मी उठायला लागलो.

"थांबा," कल्पना म्हणाली. "तुमचाबी सांगा. पान तुमीबी बांधलं व्हतं."

मी खाली बसलो आणि माझा नंबर सांगितला. हवालदारांनी तो विलासच्या नंबराखाली लिहिला.